रांगोळीवरची दोन चाकं

वीस वर्षं मी टॉवेल तपासले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, ट्यूबलाइटखाली, लांब टेबलाशी बसून. टॉवेल उलटा-सुलटा करायचा, तुटका दोरा, जाळी, तेलाचा डाग शोधायचा आणि सापडला की माल बाजूला टाकायचा. म्हणजे संशय घेण्याचाच मला पगार होता. संध्याकाळी घरी येताना ही सवय काही कारखान्यात ठेवून येता येत नाही. भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत कुणाचंही बोलणं मी आधी उलटं करून बघते.

मणक्यातली गाठ काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "सहा महिन्यांत बघू." त्यांनी माझ्याकडे न बघता फाइलकडे बघत सांगितलं, तेव्हाच मी समजले. सहा महिने गेले, वर्ष गेलं, पाय काही परत आले नाहीत. मी खूप रडले, ते लपवत नाही. मग रडून कंटाळले.

नवऱ्याच्या ओळखीत एक म्हाताऱ्या बाई वारल्या. त्यांच्या घरच्यांनी त्यांची बॅटरीवरची व्हीलचेअर आम्हाला दिली. फुकट. फुकट म्हटल्याबरोबर मी कान टवकारले. इतकी चांगली वस्तू कुणी उगाच कशाला देईल? दुरुस्तीवाल्याला बोलावून तपासून घेतली. तो म्हणाला, "गाडी चांगली आहे, बॅटरी जुनी आहे. पुरी चार्ज केली तर कारखान्यापर्यंत जाऊन याल. त्यापुढे एक गल्लीसुद्धा नाही."

मला तेवढंच हवं होतं. तपासणीचं काम बसूनच करायचं. मालक म्हणाले होते, "बाई, तुमच्या नजरेचं माणूस मला मिळत नाही. पण रोज तुम्हाला कुणी आणून सोडायचं, न्यायचं, ते मला जमणार नाही. स्वतःच्या स्वतः येत असाल तर या." ते टेबल परत मिळवायचं, बाकी मला काही नको होतं.

खुर्चीशी जुळायला महिना गेला. उजव्या हाताशी एक दांडी. पुढे ढकलली की चालते, सोडली की थांबते. ऐकायला सोपं आहे, पण घाबरलेला हात सोडत नाही, आणखी घट्ट धरतो. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराची चौकट खरवडली. दुसऱ्या दिवशी ज्वारीचा डबा आडवा केला. शिवाय खुर्चीत बसल्यापासून लोक माझ्या डोक्यावरून नवऱ्याशी बोलायला लागले. "वहिनींना चहा चालतो का?" मी समोर बसलेली. गेले ते माझे पाय, जीभ नव्हे. गल्लीतल्या बायका तर इतकं गोड बोलायला लागल्या की मला रात्रीच्या जेवणापर्यंत तेच आठवत राहायचं, यांना नक्की काय हवं असेल म्हणून.

कारखान्यात जायचा सोमवार ठरला. मी दहाला निघाले. दांडीच्या वर पाच दिवे असतात, बॅटरी किती उरली ते सांगणारे. रात्रभर चार्जरला लावलेली खुर्ची, पाच दिवे असायला हवेत. तीनच होते. मुख्य रस्त्याला लागले तेव्हा दोन, आणि कारखान्याचा पत्रा दिसायला लागला तेवढ्यात शेवटचा दिवा लुकलुकून गेला. सायकलवरून पाळीला निघालेली दोन माणसं थांबली. ढकलत आणलेली मी मालकांना दिसायला नको होते, म्हणून घरीच न्या म्हटलं. एकानं सायकली सांभाळल्या, दुसऱ्यानं चाकं मोकळी करणारा क्लच सोडून मला ढकलत घरी आणलं. भर उन्हात, अख्ख्या रस्त्यानं. दुपारी मालकांचा फोन आला. "पुढच्या सोमवारी बघू बाई. नाही जमलं तर सांगा, मला टेबलावर दुसरी बसवावी लागेल."

त्या रात्री चार्जर मी स्वतः लावला. लाल दिवा म्हणजे चार्ज होतंय, हिरवा म्हणजे झालं. सकाळी नवऱ्यानं चहाला उचलून बाहेरच्या खोलीत आणलं तर दिवा लाल. मंगळवारी लाल, बुधवारी लाल. नवऱ्याला विचारलं. तो बशीत चहा ओतत म्हणाला, "सकाळी करंट कमी असतोय."

नवरा पॉवरलूमवर जॉबर आहे. माग बिघडला की विणकर ज्याला हाक मारतात तो माणूस. तीस वर्षं मोटारी, वायरी, पट्टे हाताळलेला माणूस मला करंट कमी म्हणून सांगतो? मी मनात एकेक घडी उलगडायला लागले. हा रात्री पिन काढत असणार. मी घरात बसावं असं याला वाटत असणार. बायको खुर्चीतून कामाला निघाली तर चार लोक काय म्हणतील, हे याच्या डोक्यात असणार. दुखण्याची गोळी घेऊन मी मेल्यासारखी झोपते, हे त्याला ठाऊक आहे. गुरुवारपर्यंत माझी खात्री झाली होती. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेल्या माणसाला मी एका लाल दिव्यावरून बाजूला काढून टाकलं.

गुरुवारी दुपारी समोरची शेजारीण आली. तेलुगू घर, घरचेच चार माग, आणि दारातली तिची रांगोळी म्हणजे रोज नवी. ती उंबऱ्याशी टेकून म्हणाली, "अक्का, राग मानू नका. सकाळी लवकर जाता ते जावा, पण थोडं बाजूनं जावा की. रोज माझ्या रांगोळीवरनं दोन चाकं जातात."

मी म्हटलं, "मी कुठं जाते सकाळी?"

तिनं खुर्चीच्या चाकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि उठली.

ती गेल्यावर माझं डोकं भणाणलं. पिन काढणं वेगळं, इथं खुर्चीच बाहेर जात होती. कुणाला देतो हा? कशासाठी? आणि बघायला जायचं तर कशावरून जाऊ? खुर्चीचा पाठलाग करायला मला खुर्चीच लागणार होती.

त्या रात्री गोळी घेतली नाही. पाठ ठणकत होती तरी पडून राहिले. पहाटे पिन निघाल्याचा आवाज झाला, मग दाराच्या कडीचा, मग खुर्ची उतरवायला उंबऱ्यावर टाकलेला पत्रा खडखडला. माझ्या खाटेच्या डोक्याशी खिडकी आहे. गज धरून मी स्वतःला वर ओढलं. नीट उजाडलं नव्हतं, पण दिसत होतं.

खुर्चीत नवरा बसला होता. गुडघे वर आलेले, मांडीवर दुधाची किटली.

आधी मला संताप आला. दोन धडधाकट पायांचा माणूस माझ्या खुर्चीत मजेत फिरायला निघालाय असं वाटलं. हाक मारणार होते, पण तो गटारावरच्या फरशीपाशी थांबला. फरशीचा एक कोपरा फुटलेला आहे. तो त्यावरून गेला. खुर्ची कलली. तो मागे आला, पुन्हा गेला, पुन्हा कलली. मग उतरला, खिशातून दगडाची चीप काढली, भेगेत ठोकली, टाचेनं दाबली, परत बसला आणि परत त्यावरून गेला. मग रांगोळीची कड कापत वळला आणि रस्त्याकडे निघाला.

माग दुरुस्त झाला की बाकीचे जॉबर बटण दाबतात आणि निघून जातात. माझा नवरा तसं करत नाही. वीतभर कापड स्वतः विणून बघितल्याशिवाय तो माग विणकराच्या हवाली करत नाही. त्याच्या कारखान्यात त्यावरून त्याची चेष्टाही होते.

तो तासानं परतला. पिन लावली, चहा केला, मला उचलून खुर्चीत बसवलं.

"समोरच्या रांगोळीवरनं रोज कोण जातं?" मी विचारलं.

त्यानं कप खाली ठेवला. "बघून येत हुतो."

"काय?"

"कुटं अडकती, कुटं कलंडती. तुज्या कारखान्याच्या दारापतुर. मशीन चालवून बघितल्याबिगर मी कुणाच्या हातात देत न्हाय, तुला ठावं हाय की."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू म्हनली असतीस, माज्यावर इश्वास न्हाय."

खरंच म्हटलं असतं. "आणि बॅटरी?"

"आल्यावर लावतोय की तासभर."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. याचं सगळं आयुष्य मागावर गेलं. माग कितीही पळवा, करंट लाईनमधून येतच असतो, चालवून बघण्यानं काही कमी होत नाही. मी सांगितलं, "ही लाईनवर चालत नाही. तुम्ही जेवढे फिरलात तेवढी ती संपली. सोमवारी मी रस्त्यात अडकले ती तुमच्यामुळं."

चहावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नाही. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

तरी रविवारी रात्री मी खुर्ची खाटेला लावून घेतली आणि चार्जरची वायर उशीखाली घेतली. सवय जात नाही. सोमवारी सकाळी दिवा हिरवा होता. नवरा दारात उभा राहिला, हात मागे बांधून. म्हणाला, "आज चालवून बघितली न्हाय हं."

मी निघाले. फरशी हलली नाही. पुढे खड्ड्यात मुरूम होता, दाबून बसवलेला. मुख्य रस्त्याच्या कडेचा उंचवटा कुणीतरी छिन्नीनं तासलेला होता. शनिवार-रविवार हा चालत येऊन गेला असणार. म्हणजे आताही सायकलवरून मागे येत असणार. मी तीनदा थांबून वळून बघितलं. तो नव्हता. तिसऱ्यांदाही दिसला नाही तेव्हा मला राग आला. बॅटरीवरून बोलले म्हणून काय मागे यायचंसुद्धा नाही?

कारखान्याच्या दारात पोचले तेव्हा तीन दिवे होते. टेबलाशी खुर्ची लावली, पहिला टॉवेल ओढायच्या आधी घरी फोन केला. पहिली घंटा पुरी वाजली नाही तोच त्यानं उचलला. "पोचलीस?"

"पोचले. तुम्ही काय करताय?"

"काय न्हाय. भांडी घासतोय."

नळाचा आवाज नव्हता. त्या सोमवारी तो पाळीवर गेला नव्हता आणि फोन हातात धरून बसला होता, हा माझा संशय आजही कायम आहे.