चिमाबाईंनी केलेला भाडेकरार

काळेवाडीतली चिमाबाईंची शेती कधीच गेली. उरल्या पत्र्याच्या चार खोल्या. नवऱ्यानं मरण्याआधी त्या चिमाबाईंच्या नावावर करून ठेवल्या होत्या, पण भाडं गोळा करायचा मुलगा, ज्ञानेश.

कडेच्या खोलीत मैत्री राहायची. उदगीरकडची बौद्ध मुलगी, नर्सिंग शिकणारी. सरकारी वसतिगृहात तिला जागा मिळाली नव्हती. अशा मुलांना समाजकल्याणकडून भाड्याला पैसे मिळतात, पण त्याला मालकाचा भाडेकरार लागतो.

ज्ञानेशनं साफ झिडकारलं. "एकदा कागद झाला की खोली सोडायची न्हाई ती. आन् त्या लोकांच्या नावानं तर न्हाईच."

पैसे पुरेनात म्हणून मैत्रीनं खानावळीचा डबा बंद केला होता. ती दोन्ही वेळा मीठभात खाते, हे चिमाबाई बघत होत्या. एके दिवशी ज्ञानेश सकाळच्या शिफ्टला गेला आणि त्या उठल्या. "चल गं. खोली माज्या नावावर हाय, त्याच्या न्हाई."

भाडेकरार करून देणाऱ्या एजंटच्या दुकानात मशीन अंगठा घेईना. जन्मभर खुरपं धरून रेघा पुसल्या होत्या. मैत्रीनं रुमाल ओला करून बोटं चोळून दिली, तेव्हा कुठं घेतला. म्हातारी खुदकन हसली. नवरा गेल्यापासून आपल्या मनानं केलेलं हे पहिलंच काम.

पण त्यांच्या आधारला जोडलेला नंबर ज्ञानेशचा होता. कराराचा मेसेज त्याच्या मोबाइलवर गेला.

घरी येताच त्यानं मैत्रीची पेटी, गादी, पुस्तकं गल्लीत फेकली आणि खोलीला कुलूप घातलं. चिमाबाई आडव्या आल्या, तर दंड धरून त्यांना बाजूला लोटलं. शेजारीपाजारी बघत राहिले. मैत्री चाकणला मैत्रिणीकडे गेली.

पुढं मैत्रीच्या अर्जाची चौकशी करायला समाजकल्याणचे साहेब आले. "ही मुलगी इथंच राहते ना, आजी?"

ज्ञानेश मागंच उभा होता. हो म्हणायचं चिमाबाईंच्या ओठांवर आलं होतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

अर्ज नामंजूर झाला, मैत्रीचं कॉलेज सुटलं. ती चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं पॅकिंगला लागली. दिवाळीच्या सुट्टीत मागं राहिलेली बादली न्यायला आली.

"मी काय खोटं न्हाई बोलले गं," चिमाबाई म्हणाल्या.

"हो आजी. खरंच होतं ते."

"चा तरी घे."

"बस चुकंल माझी," म्हणून ती निघून गेली. ज्ञानेशनं आतून विचारलं, "कोण होतं?"

"कोन न्हाई," चिमाबाई म्हणाल्या.