मोरपंखी स्कूटरवरचा ओरखडा

वर्षानुवर्षं नंबर न लावता स्कूटर मिळायला लागली, तेव्हा मीही अंबाजोगाईत एक घेतली. मोरपंखी रंगाची. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि अंगणात उभी केली ती केलीच. सीटवरचं प्लॅस्टिक काढू दिलं नाही. उन्हात ते असं तापायचं की बसणारा टुणकन उठायचा. शाळेत पोरं हात लावतील म्हणून मी मास्तर माणूस पायीच शाळेला जायचो. बायको नर्स. तिचा दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, तीही पायीच.

"मला शिकवा की वो," ती म्हणायची.

"पडशील," मी म्हणायचो. काळजी गाडीची होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना चिनी ताओ विचारांचं भारी वेड. एकदा म्हणाले, "ताओवाल्यांचं म्हणणं काय, मन वस्तूला चिकटलं की डोळेबी तिचेच होतात. गाडी घरी ठेवून तुमी पायी येता. आता कोण कुणावर बसलंय, गुरुजी?"

"त्या ताओवाल्यांनी कधी नवी स्कूटर घेतलती का?" मी विचारलं. सगळे हसले. मला वाटलं, जिरवली.

आणि एका संध्याकाळी गाडीच्या उजव्या बाजूला वीतभर ओरखडा! माझं डोकंच फिरलं. शेजारी गॅरेजवाले चाचा राहायचे. म्हातारे, सज्जन. पण हत्यारांची पेटी घेऊन ते माझ्या गाडीजवळूनच जायचे ना! झालं, चोर सापडला. त्यांचा रोजचा 'सलाम गुरुजी' लबाड वाटायला लागला. खोकले तरी वाटायचं, मुद्दाम खोकतायत. जेवण गोड लागेना. आठ दिवस सकाळी उठलो की आधी ओरखडा बघायचो, मग तोंड धुवायचो.

रविवारी गेलोच भांडायला. "चाचा, खरं सांगा, गाडी कुणी घासली?"

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "लेकीसारख्या तुमच्या घरवालीला जबान दिलीय, गुरुजी. घरात इचारा."

घरात बायको डाव्या हातानं भाकरी थापत होती.

"मीच पडले," परातीतून वर न बघता ती म्हणाली. "तुमी शाळेत गेले की चाचा शिकवायचे."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"आठ दिस झाले, उजवं कोपर सुजलंय. लांब बाह्यांचं झंपर घालून फिरते, डाव्या हातानं जेवते. तुमाला दिसलं का?"

नव्हतं दिसलं. रोज शेजारी बसून जेवत होतो आणि दिसलं नव्हतं. इतकी लाज वाटली की तिच्याकडं बघवेना. चाचांकडं जाऊन हात जोडले. ते हसले, मग खोकले. म्हाताऱ्या माणसाचं साधं खोकणं होतं ते.

कोपराची सूज उतरली, तसं मी सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं, किल्ली तिच्या हातात दिली आणि मागं बसलो. चौकात वळताना भाजीच्या गाड्याला स्कूटर घासली. खर्रर्र! माझ्या तोंडून निघालं, "लागलं का गं तुला?"

ती मान वळवून माझ्याकडं बघतच राहिली.

"अगं, पुढं बघ!" मी ओरडलो.