टर्बोची शिट्टी

लिहिण्याचा मला अधिकार नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावं; पण जळक्या ऑइलचा वास आला की बारामतीतलं ते स्पेअर पार्टचं दुकान आठवतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तिथंच खोली घेऊन एकटा राहायचो. एके दिवशी गावाहून, निमगाव केतकीहून, चुलते आले, आमचे तात्या. वस्त्यावस्त्यांवरची माणसं भरून नेणाऱ्या त्यांच्या वडापच्या जीपचा टर्बो, इंजिनाला जादा हवा आणि जोर देणारा पंखा, गेला होता. त्याची शिट्टी ऐकूनच वस्तीवरची माणसं रस्त्यावर यायची, आणि आमचं घर त्या जीपवरच चालायचं. आम्ही दोघं दुकानात गेलो, तर दुकानदारानं काउंटरवर लहान-मोठे दोन टर्बो मांडले. "मोठा घ्या तात्या, इमानावानी पळंल." तात्या माझ्याकडं वळले. "तू इंजिनाचं शिकतुयास न्हवं? सांग." घरात आजवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी चाचरत म्हणालो, "मोठा जोर धरायला वेळ लावतो तात्या, आणि आपली गाडी तर दर वस्तीला थांबते. जुन्याच मापाचा घ्या." "कॉलेजचं पोरगं जोराला भितंय व्हय!" दुकानदार हसला. तात्यांनी लहान टर्बो उचलला आणि गेले. मग बरेच दिवस गावाकडून कुणीच आलं नाही. घरी फोन नव्हता. मी रोज संध्याकाळी स्टँडवर उभा राहायचो आणि खोलीवर येऊन गार डबा खायचो. आपलं चुकलं असेल तर, एवढंच मनात. अखेर गावचा दूधवाला भेटला. "जीप चालते का?" मी विचारलं. "पळती की झकास! वढ्याच्या चढाला शिट्टी आली की तुजी आय च्याचं आधण ठिवती. परवा तर सवयीनं तुजाबी कप मांडला हुता."