चुन्याचे तीन ठिपके

अन्याय झाला तो माझ्या सुमनमावशीवर, पोळ्याच्या करीला, सकाळी साडेअकराला. जाफराबादहून तिला जालन्याला आणलं, स्तनातली गाठ काढली आणि कसलीही खूण न करता बरणीत टाकली. वरची बाजू कुठली, बगलेकडची कुठली, पत्ताच नाही. माणसाचा तुकडा तपासायला पाठवताना एवढंही करू नये? माझ्याहून जास्त संतापला असा एकच माणूस, मस्तगडला आमच्या शेजारी राहणारे चाचा. डाव्या-उजव्याची इतकी काळजी साऱ्या जिल्ह्यात दुसरं कुणी करत नसेल.

चाचा लॅबमध्ये गाठींचे पातळ काप काचपट्टीवर चढवतात. डॉक्टरीणबाई ते मायक्रोस्कोपखाली बघून अहवाल देतात. तिथं काम संपायला हवं, पण चाचांचं तिथंच सुरू होतं. तो काप स्कॅनच्या फिल्मवर नेमका कुठं बसतो हे कळल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. हा नाद घरापर्यंत आलाय. पपई कापण्याआधी तिला चारी बाजूंनी हळदीची बोटं लावतात आणि फोडी ताटात पुन्हा जुळवून अख्खी पपई करून दाखवतात, मगच वाटतात. चाची म्हणतात, "शादी झाली तवापासून एक फळ सुखानं खाल्लं न्हाई." फिल्मवर पेशंटची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला दिसते, त्यामुळं रिक्षावाल्याला सांगतात, "उजवीकडं घे. तुझ्या न्हाई, समोरून येणाऱ्याच्या." जुन्या जालन्यातले रिक्षावाले त्यांना लांबून बघूनच चालू लागतात.

मावशीचा अहवाल आला, एका कडेला आजार शिल्लक आहे. कुठल्या कडेला? बरणीला विचारा. कड कळली नाही तर सगळा स्तन काढावा लागेल, असं सर्जन म्हणाले. मी दवाखान्याविरुद्ध पत्रक लिहायला बसले. चाचा म्हणाले, "लिही ना, बिलकुल लिही. आधी फिल्म आण."

मावशीच्या फिल्मवर चुन्यासारखे पांढरे तीन बारीक ठिपके होते, दोन जवळ, एक लांब. तेच तीन काचपट्ट्यांवर शोधायचे होते. पण काप काढण्याआधी तुकडा औषधात आकसतो, त्यामुळं मापं जुळेनात. मी वैतागले. चाचा म्हणाले, "मेथीची जुडी शिजल्यावर केवढी राहती? तरी मेथीच ना? मंग." चाचांनी लॅबच्या खिडकीला फिल्म चिकटवली, काचपट्ट्यांचे मोठे फोटो पारदर्शक कागदावर छापले, आणि तीन दिवस ते कागद फिल्मवर सरकवत, फिरवत, उलटवत राहिले. मधे मावशीनं फोनवर विचारलं, "काय करून राह्यले भाऊ?"

"तुमाला जुळवून राह्यलो, ताई. हालू नका."

मावशी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

चौथ्या दिवशी तिन्ही ठिपके ठिपक्यांवर बसले. शिल्लक कड बगलेकडची निघाली. डॉक्टरीणबाईंनी स्वतः पडताळून सही केली, सर्जननं तेवढीच कड पुन्हा काढली. या वेळी बरणीतल्या तुकड्याला खुणेचे दोन दोरे होते, लांब बगलेकडं, आखूड वरच्या अंगाला. हातमोज्यातल्या बोटानं चाचांनी ते सरळ केले, लेकराचे केस सारखे करावेत तसे.

पुढच्या महिन्यात ते रिटायर होतायत. खिडकीची काच पुसून ठेवलीय, चिकटपट्टीचे चार कोपरे तेवढे निघाले नाहीत. त्यांच्या खुर्चीवर येणाऱ्याला हा नाद असेलच असं नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या माणसाची गाठ काढायची असेल तर आदल्या दिवशीच विचारा, दोरा बांधणार ना? आणि बरणीसोबत फिल्म पाठवा.