अक्कांच्या पऱ्हाट्या

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. नववीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण मी माती अशी खाल्ली होती, की तिला भारी शब्दांची गरजच नाही!

नरडाण्याजवळचं आमचं गाव. नववीत सरांनी मला ग्रामसेवा प्रकल्पाचा प्रमुख केलं. का? तर मी कोणाशी बोलत नाही, म्हणजे भांडणारही नाही! वीस पोरं, पाच झाडू आणि प्रमुख मी.

निघताना सर म्हणाले, "शाळेजवळच्या अक्कांना मदत लागतेय, आधी तिकडे जा." कसली मदत, हे विचारायला मी लाजलो. झालं!

अक्कांच्या भिंतीला टेकून पऱ्हाट्यांचा डोंगर. पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या. अक्कांकडे तर आता गॅस आलेला. मी मनात म्हटलं, मदत म्हणजे हाच कचरा हटवणं. तरी विचारावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात आम्हाला आलेलं पाहून अक्काच म्हणाल्या, "उनात का रे भो? बठ्ठ्या उचला. एक बी ऱ्हावाले नको!"

सगळ्या उचला, एकही राहायला नको! आता सांगा, यापेक्षा स्पष्ट परवानगी कोणती?

आम्ही सगळ्या काड्या शाळेमागच्या पडीक जागेत नेल्या आणि मी स्वतःच्या हातानं काडी लावली. काय भडका उडाला! पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगलेली.

इतक्यात अक्का चहाची किटली घेऊन, आपल्या काड्या शोधत आल्या. "मन्या काड्या कोठे ठेव्यात रे?"

मी राखेकडे बोट दाखवलं.

मग कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोरीचा साखरपुडा. भुसावळच्या होणाऱ्या विहिणीनं मुद्दाम भरीत सांगितलेलं, आणि आमच्याकडे भरिताचं वांगं भाजतात ते याच काड्यांवर. त्या फक्त मळ्यात, चुलवणापाशी, म्हणजे मोठ्या चुलीपाशी नेऊन टाकायच्या होत्या!

"आते गॅसवर भाजू का? इहीन काय म्हनी माले!" अक्कांच्या डोळ्यांत पाणी. धुरामुळे असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं.

यंदाच्या पऱ्हाट्या अजून शेतात ओल्या उभ्या. गेल्या वर्षीच्या वाळक्या घरोघरी उरलेल्या थोड्याथोड्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातगाडी घेऊन दारोदार फिरलो. ज्यानं वर्गात कधी "हजर" मोठ्यानं म्हटलं नाही, तो मी! प्रत्येक दारात "कशाले रे?" आणि प्रत्येक दारात माझी कथा पहिल्यापासून. चौथ्या घरी बातमी माझ्याआधीच पोहोचली. तिथले आबा आतूनच ओरडले, "दी टाका त्याले काड्या! नही दिद्यात ते घर पेटाडी दी!"

गाडी भरली. मळ्यात नेऊन रिकामी केली. अक्कांनी मला वांगी धुवायला बसवलं, चुलवण स्वतः पेटवलं, आणि काडीपेटी पदराच्या टोकात घट्ट बांधून ठेवली.