नानांची हलती सीट

चार जुनी माणसं एकत्र बसली की किस्से साठत जातात. आमच्याकडे तर एकाच वस्तूचे इतके साठलेत की दुसरा विषय निघतच नाही. ती वस्तू म्हणजे फणसवाडीतल्या नानांच्या कमोडची सीट! हसू नका. हल्ली दुपारी जेवून जरा आडवा झालो की तोच काळ डोळ्यांवर तरंगत येतो. मागच्या गॅलरीतलं पिवळं ऊन, खालून जाणारे मोर्चे, आणि मधोमध ती पांढरीशुभ्र वस्तू. झोप आणि आठवण यांतलं काय कुठं संपतं, ते मग कळत नाही.

नाना म्हणजे ओक मास्तर. परळच्या नाईट स्कूलमध्ये त्यांनी उभा जन्म घालवला. लालबागचा बबन सावंत आणि परळचा कांबळे हे त्यांचे विद्यार्थी. बबन गिरणीत फिटर होता, कांबळे पुढं स्वतःच मास्तर झाला. मी, जोशी, नानांच्या शेजारच्या खोलीतला. नानी गेल्यावर आम्ही तिघं नानांकडे पडीक असायचो.

नाना जिन्यात पडले, खुब्याचं हाड वाकडं जुळलं आणि उकिडवं बसणं संपलं. त्यांचा मुलगा मधू दिल्लीला मोठ्या हुद्द्यावर होता. त्यानं येऊन गॅलरीतल्या संडासात कमोड बसवून दिला.

अख्खी वाडी बघायला आली! बायका हळदीकुंकवाला याव्यात तशा नटूनथटून आल्या. समोरच्या काशीकाकूंनी चष्मा पुसून पुसून ते भांडं न्याहाळलं आणि हळहळल्या, "एवढी सुरेख बरणी, हो! वर्षाचं लोणचं मावलं असतं!"

*

पण सीट हलायची. लाकडी सीट, तिचे दोन बोल्ट भांड्याच्या मागच्या कडेतून खाली उतरलेले, आणि त्यांचे नट थेट भिंतीच्या बाजूला. भांडं आणि भिंत यांच्यात जेमतेम तळहात शिरेल एवढी फट. पाना आत जायचा, पण फिरायला जागाच नाही!

एकदा सीट सरकली आणि नाना खाली आले. नशिबानं नुसतं खरचटलं. मधू तेव्हा इथंच होता. जाताना त्यानं बजावलं, "नाना, पुढच्या खेपेला सीट हलताना दिसली, तर मी तुम्हाला दिल्लीला घेऊन जाणार."

नाना म्हणाले, "मुंबई महाराष्ट्रात आल्याशिवाय मी मुंबईबाहेर पाऊल टाकणार नाही!"

वर हसले, पण त्या रात्री जेवले नाहीत. दिल्लीला कोण ओळखणार होतं त्यांना? आम्ही तिघांनी सीट मनावर घेतली.

*

पहिला मान बबनचा. त्यानं बाही सारली, हात फटीत घातला, नट सापडलाही. पण हात बाहेर येईना! गिरणीतला भरलेला पंजा तो. खोबरेल ओतलं, साबण लावला. बबन भिंतीला गाल टेकून पडलेला, "गे आये, काय करू आता!" आणि बाहेर नाना काठी आपटताहेत, कारण त्यांना आत जायची घाई.

इतक्यात खालून मोर्चा आला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

बबनला सवय! "झालाच पाहिजे!" असं ओरडत त्यानं मूठ वर केली. तीच अडकलेली मूठ! सालपटं निघाली, पण हात सुटला.

नाना लगबगीनं आत शिरता शिरता म्हणाले, "चळवळीचा पहिला फायदा झाला बरं का!"

*

कांबळेकडच्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतरची गोष्ट. मी सवयीनं पाना त्याच्यापुढं धरला. "कांबळे, तू बघ जरा."

त्यानं शांतपणे खुर्ची ओढली, पायावर पाय टाकून बसला. "आमच्या पिढ्यांनी गावाची सगळी कामं केली. ह्या पिढीत मी फक्त सूचना करणार. जोशी, आडवा हो!"

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही निमूट फरशीवर आडवा झालो. कांबळे वरून सांगतोय, "उजवीकडे, आणखी उजवीकडे," आणि मी खाली पडून तसं फिरवतोय. वरचं उजवं खालून डावं होतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. अर्धा तास घाम गाळल्यावर नट सुटून माझ्या छातीवर पडला.

कांबळे तसाच खुर्चीत बसून म्हणाला, "काय करणार, सूचना करायची आमच्यात अजून सवय नाही ना!"

*

गंजलेले नट काढून टाकायचं ठरलं. बबननं ठाकूरद्वारहून पितळी नट आणले, खिशात टाकले आणि तसाच शिवाजी पार्कच्या सभेला गेला. भाषण रंगलं. चळवळीसाठी झोळी फिरू लागली. बबनच्या डोळ्यांत पाणी! त्यानं खिशातलं होतं नव्हतं ते मूठभर झोळीत टाकलं.

घरी येऊन बघतो तर खिसा मोकळा. दुसऱ्या दिवशी नानांपुढं मान खाली घालून उभा.

नाना म्हणाले, "असू दे रे. मुंबई मिळाली की परत मागून घेऊ!"

जुनेच गंजके नट पुन्हा चढवले आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मध्ये घातला. सीट खुंटासारखी बसली. पण आठवडा गेला की पुन्हा हलायची. पुन्हा आवळायची, पुन्हा सैल. आम्हाला कारण उमजेना.

*

एका दुपारी नाना आत गेले ते बाहेरच येईनात. आम्ही दार ठोठावलं. उत्तर नाही. काशीकाकू देवाचं नाव घेऊ लागल्या. बबननं खांदा लावून कडी उखडली.

नाना सीटवर धोतर सावरून बसलेले, तोंड खिडकीकडे. त्या खिडकीतून दोन इमारतींच्या मधून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसायची. ऊन तिच्यावर नुसतं थरथरत होतं. डोळे अर्धे मिटून नाना हलकेच डावीउजवीकडे झुलत होते आणि त्यांच्याबरोबर सीटही.

"नाना!"

त्यांनी सावकाश मान वळवली. "दाभोळच्या खाडीत होतो रे. वडिलांबरोबर पडावात. पाणी किती निवांत होतं..." मग दाराकडे बघून म्हणाले, "जरा सैलच राहू द्या सीट. फार आवळलीत तर पडाव चालत नाही!"

त्यांच्यावर रागवावं असं कुणालाच वाटलं नाही. मला तर त्या पडावात बसावंसं वाटलं.

*

आणि मग मधू आला. सकाळीच, न कळवता. खिशात परतीची दोन तिकिटं.

आदल्या दिवशी नाना खाडीत बराच वेळ फिरून आलेले. सीट पार लटकत होती. आम्ही तिघं गॅलरीत जमलो, पण आवळायला सवड कुठं होती?

चहा झाल्यावर मधू उठला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. "मी आधी सीट बघून येतो," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

नाना काठी दोन्ही हातांत धरून बसले. बबनच्या ओठांत देवाला गाऱ्हाणं चाललेलं. कांबळे छताकडे बघत होता. आतून सीट करकरली.

बबन पुटपुटला, "संपलं!"

नानांनी डोळे मिटले. इतके म्हातारे ते मला त्याआधी कधी दिसले नव्हते.

आत काहीतरी घासल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला.

दार उघडलं. मधूच्या केसांत भिंतीचा चुना, आणि पांढरी बाही कोपरापर्यंत गंजानं लालभडक.

"पक्की आहे," तो म्हणाला. "अजिबात हलत नाही."

नाना त्या बाहीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हात धुऊन घे, बाळ. नळ जाईल."