बंबाच्या घरची पीएच.डी.

लाँड्रीत त्याला सगळे बंब म्हणायचे. अंगाने काटकुळा, पण बॉयलर त्याच्या ताब्यात, आणि बॉयलरवाल्याचं नाव बंब पडायला जाडी लागत नाही. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, कारखान्यांचे डगले, सगळं त्या लाँड्रीत यायचं. ते धुवायला, वाळवायला, इस्त्री करायला जी वाफ लागायची ती बंब पुरवायचा. भुशाच्या विटा भट्टीत टाकायच्या, राख ओढायची, काचेतल्या पाण्याची पातळी बघायची, प्रेशरच्या काट्यावरून नजर हलू द्यायची नाही. काम सोपं दिसतं. ज्याला सोपं वाटतं त्याने एक पाळी करून बघावी.

बंबाचा एक नियम होता. आग विझू द्यायची नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी तो निखारे राखेखाली झाकून जायचा, म्हणजे सुट्टीनंतर फुंकर घातली की भट्टी चालू. विझलेली भट्टी नव्याने पेटवायला भुसाही जास्त जातो आणि वेळही, आणि घाईने थंड-गरम केली तर तिच्या भिंतीतल्या विटा तडकतात. हे सगळं बरोबर आहे. घोटाळा एवढाच झाला की हा नियम त्याने घरी नेला.

घरी बायको होती. ती शाळेत गणित शिकवायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, म्हणून बंबही बाईच म्हणायचा. तिला शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात शिकवायचं होतं आणि तिथे पीएच.डी. असल्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही. नोकरी सोडून शिकायला जाणं परवडणारं नव्हतं. मग तिने परदेशातल्या एका ऑनलाइन विद्यापीठात नाव घातलं. विषय घेतला, मोठ्या माणसांना अपूर्णांक का जमत नाहीत. त्यासाठी तिने पहिल्यांदा नवऱ्यालाच धरलं.

"तीन अष्टमांश मोठे की दोन पंचमांश?"

"कशाचे ते आधी सांग," बंब म्हणाला. "पगाराचे असले तर दोन्ही लहानच."

बाईने हे उत्तर प्रबंधात घातलं. बंब त्यामुळे आठवडाभर तोऱ्यात होता.

त्या विद्यापीठाची फी सत्रावर होती. प्रबंध पुढे सरको न सरको, सहा महिने झाले की भरा. टॅक्सी उभी आहे आणि मीटर पळतंय, तशातली गत. त्यात फी तिकडच्या चलनात. तेव्हा बंब सकाळी कामावर बॉयलरचा काटा बघायचा आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर चलनाचा दर. "आज फारच चढलाय," असं तो इतक्या काळजीने म्हणायचा की इस्त्रीवरच्या बायका मशीन सोडून दाराकडे सरकायच्या.

पहिली दोन वर्षं शिल्लक पुरली. मग घरात काटछाट सुरू झाली. बंबाचे केस मुलगी कापायला लागली. ती कॉलेजात होती, हाताला धीर कमी.

"बाबा, मान हलवू नका. एक बाजू छान झालीय."

"आणि दुसरी?"

"दुसरी उद्या बघू."

बंब तसाच कामावर गेला. कोणी हसलं तर म्हणायचा, घरात अपूर्णांकांवर संशोधन चालू आहे. मग त्याने जादा पाळी घेतली. रविवारी लोकांचे गळके नळ आणि बिघडलेले गीझर दुरुस्त करायला लागला. बाईने शिकवण्या धरल्या. आधी एक गट, मग दोन, मग पाठोपाठ तीन. शाळेतून आली की पुढच्या खोलीत पोरं बसलेली. ती गेली की हिचं डोकं गेलेलं. फी भरायची म्हणून शिकवण्या. शिकवण्या होत्या म्हणून प्रबंध मागे. प्रबंध मागे म्हणून पुढच्या सत्राची फी. या चक्रात चार वर्षं गेली. एका अख्ख्या सत्रात तिची फक्त अकरा पानं झाली, आणि तीही मार्गदर्शक बाईंनी परत पाठवली.

त्याच बाईंनी तिला एक वाट सांगितली. विद्यापीठात विराम घेता येतो. एक सत्र थांबायचं. फी नाही, ग्रंथालय नाही, मार्गदर्शनही नाही. सत्र संपलं की पुन्हा यायचं. ठरल्या मुदतीत परत आलं नाही तर मात्र नाव कायमचं कटतं.

बाईने जेवताना हे बोलून दाखवलं. बंबाने घास तसाच धरून ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

"ऐकून तरी घ्या."

"ऐकलं. थांबायचं नाही. फीचं मी बघतो."

"काय बघणार? तुमच्याकडे विकायला तुम्हीच उरलाय."

"मला कोण घेणार? अर्धे केस बघून भाव पाडतील."

मुलगी हसली, बाईही हसली, आणि विषय तिथेच राहिला. बंब मात्र हसला नव्हता. विशीत असताना त्याने कामगारांच्या वर्गात डिप्लोमाला नाव घातलं होतं. दीड वर्ष नेटाने केलं. मग आई आजारी पडली, तेव्हा तो एकच सत्र थांबला. त्या सत्राला आता तेहतीस वर्षं होत आली होती. थांबलेला माणूस पुन्हा सुरू होत नाही हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं.

फीची तारीख जवळ आली तशी बंबाने स्कूटर धुतली, पुसली आणि बाईच्या भावाकडे नेली. या मेहुण्याचा जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचा धंदा होता. त्याने स्कूटरभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली.

"दाजी, हिला विकत घेऊ की हिचे अंत्यसंस्कार करू?"

"इंजिन चांगलं आहे."

"तुमचंही चांगलंच आहे, पण कामावर चालत गेलात तर टिकेल का? आणि एवढं करून ताईचं अर्धं सत्रसुद्धा भरणार नाही."

"अर्ध्याचं बघ. उरलेल्या अर्ध्याचं मी बघतो."

मेहुणा किल्ली घेऊन आत गेला. बंबाला वाटलं पैसे आणायला गेला. तो गेला होता फोन करायला. बंब घरी पोचला तेव्हा बाई शिकवणीच्या पोरांना गणितं घालून स्वयंपाकघरात त्याची वाट बघत बसली होती.

"स्कूटर कुठेय?"

"सर्व्हिसिंगला."

"माझ्या भावाने सर्व्हिसिंग कधीपासून सुरू केलं?"

बंब पाणी प्यायला. बरंच प्यायला.

"अहो, मला एक सांगा," बाई म्हणाली. आवाज अगदी वर्गातला. "तुमचा बॉयलर वर्षातून एकदा थंड करता की नाही?"

"ती तपासणी असते. कायदाच आहे तसा."

"कायदा कशासाठी केला?"

"आत शिरून बघावं लागतं. नळ्यांना क्षार बसतो. तो खरवडला नाही तर भुसा जाळत राहायचं, वाफ काही वाढत नाही. चालू आगीत आत कोण..."

पुढच्या खोलीत एक पोर दुसऱ्याला विचारत होतं, छेद समान करायचा म्हणजे नेमकं काय करायचं.

"चार वर्षं भुसा जाळतोय आपण," ती म्हणाली. "तुम्ही तिकडे, मी इकडे. अकरा पानं झाली, अहो."

बंब स्टुलावर बसला.

"तपासणीला थंड करतात," तो सावकाश म्हणाला, "तेव्हा परत पेटवायची तारीख आधी ठरते. मग आग उतरवतात. तीही एका दमात नाही."

"मग तशीच उतरवू."

"आणि तू परत आली नाहीस तर?"

मनातलं तो पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. बाईला डिप्लोमाची गोष्ट माहीत होती. तरी तिने छातीठोक वचन वगैरे दिलं नाही.

"तुम्हाला तेव्हा परत जा म्हणणारं कोणी नव्हतं," ती म्हणाली. "मला तुम्ही आहात ना. डोकं खायला."

तिने विराम घेतला. शिकवण्याही हळूहळू उतरवल्या. परीक्षा झालेला गट आधी सोडला, मग दुसरा. तिसऱ्याचे पैसे घरखर्चाला लागत होते, तो ठेवला. स्कूटर मेहुण्याने परत आणून दिली आणि पेट्रोलचे पैसे मागितले. बंबाने दिले.

आणि पहिले तीन आठवडे बाई नुसती झोपली. शाळेतून आली की झोप, रविवारी झोप. बंब दारातून डोकवायचा, उसासा टाकायचा, परत जायचा. बॉयलर थंड झाला म्हणजे माणसांना सुट्टी नसते. अंग मोडणारं काम तेव्हाच असतं. खरवडणारा माणूस आत आडवा होऊन घोरला तर बॉयलर साफ व्हायचा कधी?

"बाबा," मुलगी म्हणाली, "आई झोपलीय. विझली नाहीय."

चौथ्या आठवड्यात बाई उठली. विद्यापीठाचं ग्रंथालय बंद होतं, पण तिने लोकांशी केलेल्या बोलण्याच्या नोंदी तिच्या स्वतःच्या होत्या. त्या तिने नव्याने वाचल्या. मग रविवारी एकेक प्रकरण मोठ्याने वाचायला लागली. बंब समोर बसायचा. तो काही सुचवायचा नाही, सुचवण्यासारखं त्याला कळतही नव्हतं. पण त्याला जांभई आली की बाई तिथे पेन्सिलने रेघ मारायची. मग जांभई दाबायचं काम त्याच्या मागे लागलं. जांभई दाबताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि बाई विचारायची, हे वाक्य इतकं हृदयाला भिडलं का?

एक जाड प्रकरण कापून निम्मं झालं, एक पूर्ण वगळलं गेलं. या सत्रात फी नसल्यामुळे बंबाची जादा पाळी पुढच्या फीसाठी साठत गेली. पहिल्यांदाच त्या घरात तारीख यायच्या आधी रक्कम आली.

मग परत नाव घालण्याची मुदत सुरू झाली आणि बाई काही हालचाल करेना. घरात संध्याकाळी जरा बसता येत होतं, मुलीशी बोलता येत होतं. ती सुखावली होती. बंबाला ते दिसत होतं, आणि हे सुख मोडा असं कोणत्या तोंडाने सांगणार? डोकं खायचं कंत्राट घेतलेला माणूस ऐन वेळी मुका झाला. रोज कामावरून आला की तो तिचा कॉम्प्युटर पुसायचा. पडदा पुसला, कळफलक पुसला, वायर पुसली.

"त्याला अंघोळ घालताय का?" बाईने विचारलं.

"धूळ बसते."

"रोज?"

"बंद यंत्रावर लवकर बसते," बंब म्हणाला, आणि फडकं घेऊन आत गेला.

बाईने कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली.

मुदतीचे चार दिवस शिल्लक असताना फी भरली गेली. पुढच्या आठवड्यात मार्गदर्शक बाई पडद्यावर आल्या. बंब कामावर निघायच्या बेतात होता, पण चप्पल काही त्याच्या पायात जाईना. बाईंनी नव्याने केलेली प्रकरणं वाचली होती. तिसरं चांगलं झालंय म्हणाल्या. पाचवं अजून कच्चं आहे. सगळं मिळून अजून दोन सत्रं लागतील, नीट केलं तर.

"नीटच करणार," बंब दारातून बोलून गेला.

पडद्यावरच्या बाई दचकल्या. "कोण बोललं?"

"घरचेच आहेत," बाई म्हणाली. "कामाला निघालेत. तुम्ही पाचव्याचं सांगा."